चिंधीची नखं

दिवाळी संपली की आमच्या भिवंडीतला आवाज बंद होतो. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही, त्याला वाटतं फटाके थांबले असतील. पण आमच्याकडे थांबतात ते लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. उत्तरेकडचे कारागीर गाठोडी बांधून मुलुखाला जातात, कापडबाजार उघडायला अवकाश असतो आणि गल्लोगल्लीचे कारखाने कुलूप लावून बसतात. वर्षभर भिंतीतून, फरशीतून, पाण्याच्या हंड्यातून येणारी ती खटखट एका सकाळी नसते. मग घड्याळाची टिकटिक ऐकू येते, शेजारणीचं फोनवरचं भांडण शब्दन् शब्द कळतं, आणि आपल्याच घरात पाहुणे असल्यासारखे आपण जपून पावलं टाकायला लागतो.

यंदाही तसंच झालं. फरक इतकाच, की आमच्या भिंतीला लागून असलेल्या कारखान्यातले लूम दसऱ्याच्या सुमारासच भंगारात गेले. तिथे गोदाम होणार म्हणतात. म्हणजे कारागीर परत आले तरी या भिंतीतून आता काही ऐकू येणार नाही. मी सुट्टीतला सावकाश चहा घेत बसले होते, तर पायाशी चिंधी पुढचे दोन्ही पंजे पोटाखाली दडपून बसलेली दिसली. बाबांच्या शेवटच्या वर्षातले ते दिवस आठवायला तेवढं पुरलं.

चिंधी ही आमची कुत्री. हे नाव आम्ही ठेवलेलं नाही. बाबा शेजारच्या त्याच कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेल्या लूमला ताळ्यावर आणणारा माणूस. कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाच्या चिंध्यांचा ढीग असायचा, त्यात एक कुत्री व्यायली आणि दुसऱ्या दिवशी ट्रकखाली गेली. पिल्लांतलं एकच जगलं. ते लूमखालीच झोपायचं, लूमखालीच खायचं. सजीवन नावाचा जुना कारागीर बाबांना म्हणाला, "बाबूजी, चिंधी में मिली है, चिंधी ही बोलो इसको." बाबा निवृत्त झाले त्या दिवशी लोकांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला, आणि संध्याकाळी ते घरी आले तेव्हा शालीत ही होती.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, हिच्या पाठी तर त्याचं अख्खं गणगोत लागलेलं. ही छत्रीला घाबरायची, कुकरच्या शिट्टीला घाबरायची, भाजीवाल्याच्या तराजूला आणि दादाच्या नव्या बुटांनाही. माझ्याकडे ती नाइलाज म्हणून यायची. बाबांकडे मात्र ती धावत जायची आणि छातीवर पंजे टाकून उभी राहायची. मी लग्न केलं नाही, घरात बाबा, मी आणि ती. मी दिवसभर शाळेत पहिलीच्या पोरांपाशी. त्यामुळे बाबांचं दिवसभराचं बोलणं सगळं तिच्या वाट्याचं.

रोज सकाळी दोघं कोन गावच्या रस्त्याने फिरायला जात. कुत्र्याची नखं कापावी लागतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, कारण ते काम सिमेंटचा रस्ता परस्पर करत होता. मग त्या वर्षी श्रावणात बाबांच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. एक पायरी चढली की त्यांना धाप लागायची. फिरणं थांबलं. मी चिंधीला न्यायला बघितलं, तर ती नाक्यापर्यंत येऊन माघारी फिरायची आणि बाबांच्या कॉटखाली शिरायची. बाबांचं चालणं बंद झालं आणि तिची नखं वाढायला लागली. फरशीवर तिच्या पावलांचा टकटक आवाज येऊ लागला, तो आधी मला आवडलासुद्धा.

डॉक्टरांनी बाबांना रक्त पातळ करायची गोळी दिली होती. पडू देऊ नका, खरचटू देऊ नका, असं दर खेपेला बजावून सांगायचे. गणपतीनंतर एकदा आम्ही तपासणी करून रिक्षाने परत आलो. चिंधीने सकाळपासून त्यांना पाहिलं नव्हतं. ती नेहमीसारखी झेपावली. म्हाताऱ्या माणसाची कातडी किती पातळ होते ते मी त्या दिवशी पाहिलं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन रेघा उमटल्या आणि त्यांतून रक्त आलं ते थांबेचना. मी टॉवेल दाबून धरला होता, त्याच रिक्षातून आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. बाबा वाटभर एकच सांगत होते, "तिला वरडू नको, बाय. तिला काय ठाव."

दादा कशेळीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे, तिकडेच राहतो. ड्युटी टाकून तो आला. माझा भाऊ वाईट माणूस नाही. पण तो गोदामात काम करतो, आणि गोदामात अडचणीची वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवली की प्रश्न सुटतो. बाबांचा बांधलेला हात बघून तो मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. "बाबा की कुत्री, तेवढं सांग मला," म्हणाला. "तुळशीचं लग्न लागलं की मी हिला अंबाडी गावाच्या पुढे मामाकडे नेऊन सोडतो. शेत आहे, मोकळं रान आहे, राहील मजेत."

मामाला फोन लावला. मामा खोटं बोलणारा नाही. "आना की," म्हणाला, "भाकरी घालू. पन हितं रातीचं वाघरू उतरतं. कुत्रं काय टिकत न्हाय आमच्याकडं." दादाने ते ऐकलं आणि तरी म्हणाला, गावात कुत्री नसतात का. खरं म्हणजे तो घाबरला होता. मीही घाबरले होते, पण मी दुसऱ्याच गोष्टीला.

कारण बाबा काहीच बोलले नव्हते. टीव्हीवरच्या बातम्यांशी हुज्जत घालणारा माणूस, पोटच्या पोराने एवढं ठरवलं तरी गप्प बसला. दादा गेल्यावर मी त्यांना दूध दिलं, ते त्यांनी तसंच ठेवलं. बांधलेला हात तिच्या डोक्यावर होता. मग म्हणाले, "ती तिकडं जगायची न्हाय. आन् मी हितं कुनाशी बोलू?"

"माझ्याशी बोला की."

"तू हायस शाळंत," बाबा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, म्हणून मला ते जास्त लागलं. दिवसभर रिकाम्या घरात छताकडे बघत पडलेला माणूस मला दिसायला लागला. ती गेली की बाबा लवकर संपतील, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

नखं कापायचा प्रयत्न आम्ही केला नव्हता असं नाही. कल्याणच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. तोंड बांधलं, दोघांनी दाबून धरलं, भीतीने ती टेबलावरच मुतली. तिची नखं काळीभोर, आतली शीर दिसत नाही, एक कापताना शीर तुटली. तेव्हापासून पंजाला हात लावू देईना. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "परत आणू नका हिला. कापूही नका. घरीच रोज थोडं थोडं घासा. पण तिने स्वतःहून पाय दिला पाहिजे, ओढून नाही."

घासायचं कशाने, तर बाबांनी खाटेखालचा डबा काढायला लावला. त्यात पॉलिश पेपरचे तुकडे होते. लूममध्ये आडवा धागा घेऊन पळणारा धोटा लाकडी असतो, त्याला जरा कुस, म्हणजे लाकडाचा बारीक काटा, निघाली की धागे तुटतात, म्हणून जॉबर तो घासून गुळगुळीत करतो. बाबांनी एका पट्टीला पेपर गुंडाळून दिला, वर सुताने बांधून दिला, आणि ती पट्टी माझ्या हातात ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी कामावर निघाल्याची कळा आली.

शिकवणं हा माझा धंदा. पहिलीच्या पोराला पाटीवर 'ग' काढायला लावणारी बाई कुत्रीपुढे काय हरते, अशी माझी घमेंड. मी रीतसर पाठ आखला. आधी नुसता खांद्याला हात, मग हात घसरवत कोपरापर्यंत, मग पंजा धरायचा आणि लगेच सोडायचा. दर वेळी भाजलेल्या सुक्या बोंबलाचा एक तुकडा. घरभर तो वास, माझ्या साड्यांना तो वास, शाळेत एका पोराने विचारलं, "बाई, तुम्ही रोज बोंबील खाता?" पट्टी आधी नुसती जमिनीवर ठेवायची, ती हुंगली की बोंबील. रोज सराव चाले, आणि खरं घासायचं काम मी शुक्रवारवर ठेवलं होतं. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, गल्ली शांत, शाळाही त्या दिवशी सकाळचीच, म्हणून दुपारी मी घरी. शांतता असली की मन लागतं, हे मी इतकी वर्षं पोरांना सांगत आले होते.

आणि दर शुक्रवारी ती नापास व्हायची. बुधवारी, गुरुवारी हातात पंजा देऊन डोळे मिटणारी चिंधी शुक्रवारी कान पाडून थरथरायची. मी पट्टी बदलली, जागा बदलली, बोंबलाऐवजी कलेजी आणली. दाराला पडदा लावला, बाहेरचं काही दिसू नये म्हणून. बाबांना मी बोलूसुद्धा द्यायची नाही, तिचं लक्ष जातं म्हणून. बाबा बिचारे कॉटवर तोंडाशी बोट धरून बसायचे.

दिवाळी आली. माझ्या मनात होतं, आता सुट्टी, आता लूम बंद, आता रोजच शांतता, म्हणजे काम झपाट्याने होईल. झालं उलटंच. कारखाना बंद पडला त्या सकाळपासून तिने पंजे पोटाखाली घेतले ते काढलेच नाहीत. बोंबील नाकापाशी धरला तरी मान फिरवायची. इतक्या दिवसांचं सगळं पुसून गेलं. अंगणात वहिनीने पाठवलेला ऊस तुळशीला टेकवून ठेवला होता, तो येता-जाता डोळ्यांत खुपायचा. मी एकदा पट्टी भिंतीवर फेकली. बाबांनी ती उचलायला वाकायला बघितलं, त्यांना धाप लागली, आणि मी रडले.

त्यानंतरची एक दुपार. बाहेर पोळवणारं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. बाबा कुशीवरून कुशीवर होत होते. "झोप न्हाय लागत," म्हणाले. "कान दुकतात या शांततेनं." मी म्हटलं, शांततेने कुठे कान दुखतात. ते उठून बसले आणि कॉटच्या लोखंडी दांडीवर बोटांच्या पेरांनी ठोकायला लागले. एका हाताने खटा, दुसऱ्या हाताच्या तळव्याने खट. डोळे मिटलेले. चाळीसेक वर्षं ज्या आवाजात ते जगले, तो त्यांना हवासा झाला होता, एवढंच. मला दाखवायचं असं काही त्यांच्या मनात नव्हतं.

कॉटखालून आधी एक नाक बाहेर आलं. मग चिंधीने उसासा टाकला, मान जमिनीवर टेकली, आणि पोटाखालचा पंजा हळूच बाहेर येऊन फरशीवर सपाट पडला. मी तिच्याजवळ बसले. पंजा हातात घेतला. तिने दिला. पट्टी घेतली, एकदा ओढली. तिचा कान हलला, बाकी काही नाही. बाबांचे हात थांबले तसा पंजा मागे गेला.

"बाबा, थांबू नका."

त्यांनी डोळे उघडून खाली पाहिलं. थोडा वेळ त्यांना उमजेना. मग हसायला आलं, हसता हसता डोळे भरले, आणि हात पुन्हा चालू झाले. नंतर म्हणाले, "लूम चालू असला का मानूस निजतो, बाय. बंद पडला का उटतो. मधीच बंद पडला म्हंजे काय? लाईट गेली न्हायतर कुनाचा हात गेला." ते पिल्लू लूमखाली वाढलेलं. त्याच्या लेखी खटखट म्हणजे सगळं ठीक, आणि खटखट थांबली म्हणजे आता माणसं धावणार, ओरडणार, कुणीतरी कुणाला उचलून नेणार. मी मात्र तिला निवांत वाटावं म्हणून शोधून शोधून तीच वेळ काढत होते.

हे माझ्या अजून डोक्यातून जात नाही. माझ्या वर्गात याच गल्ल्यांतली पोरं येतात. काहींच्या घरात आवाज बंद असतो तो बापाला काम नसतं तेव्हाच. त्यांना मी शांत बसा म्हणते तेव्हा त्यांना आत काय वाटत असेल, कुणास ठाऊक. आपण ज्याला सुख म्हणतो ते दुसऱ्याच्या घरी कशाची खूण असेल, हे बाहेरून कळत नाही. कुत्रीच्या पंजात मला ते कळलं, मोठ्या पुस्तकांत कळलं नव्हतं.

मग रोज दुपारी आमचा कारखाना चालू झाला. बाबा दांडीवर ठोकत, मी घासत असे. धाप लागली की ते एका हातावर येत, लूम मंद व्हायचा, मीही मंद व्हायची. घासून झालं की बाबा सुताचा एक तुकडा घेऊन नखाच्या टोकावरून ओढायचे. धोटा ते असाच तपासत. सूत कुठे अडलं की म्हणायचे, "हितं कुस हाय अजून." सुळकन गेलं की माझ्याकडे न बघता मान डोलवायचे. आयुष्यभरात त्यांनी माझी केलेली तेवढीच तारीफ, पण ती रोज मिळत होती.

तुळशीचं लग्न झालं आणि दादा आला. हातात दोरी होती, गाडी नाक्यावर लावली होती. चिंधी कॉटखाली. दादा म्हणाला, "बाबा, मनाला लावून घेऊ नका."

"बस आदी," बाबा म्हणाले आणि दांडीवर ठोकायला लागले. दादाने माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय, असा तो चेहरा. मी खाली बसले. पंजा बाहेर आला. मी एक नख घासलं, सूत बाबांकडे दिलं, त्यांनी ते ओढून पाहिलं. दादा उभाच होता. मग त्याने बाही वर सारली, गुडघ्यावर बसला आणि चिंधीचा पंजा धरून स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर, जिथे कातडी नाजूक असते तिथे, ओढला. पुन्हा जरा जोरात ओढला. हाताकडे बघत राहिला. बाबा ठोकायचे थांबले नव्हते, पण त्यांची नजर दादाच्या हातावर खिळली होती.

"दर रविवारी येऊन बघणार मी," दादा म्हणाला. "एक जरी ओरखडा दिसला तर ऐकणार नाही." त्याने दोरी गुंडाळून खिशात घातली. बाबांनी त्या रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या.

कारागीर परत आले, भिंत पुन्हा बोलायला लागली, थंडी पडली. बाबांना ठोकायचं काम उरलं नाही तरी सूत ओढायचं काम त्यांनी सोडलं नाही. संध्याकाळी मी शाळेतून यायची तेव्हा ते कॉटवर पडलेले, चिंधी शेजारी उभी राहून पुढचे पंजे त्यांच्या उघड्या हातावर टेकून असायची, आणि ते तिला सांगत असायचे, अमक्या लूमचा पट्टा कसा सुटला होता, तमका कारागीर गावी जाऊन परतच कसा आला नाही. मी दारात थांबायची. आत गेलं की गोष्ट थांबेल म्हणून थांबायची. दादा रविवारी यायचा, आधी बाही सारायचा, मग चहा मागायचा. बाबांशी तो पूर्वी जेमतेम बोलायचा, पण पंजा तपासायला खाली बसला की तासभर उठत नसे.

चिंधी आता म्हातारी झाली आहे, तोंड पांढरं झालंय. नखं मी अजून घासते. यंदा भिंत कायमची गप्प झाल्यावर दादा येऊन दांडीवर ठोकून गेला. त्याला ताल जमत नाही, मधेच पडतो. चिंधी एक डोळा उघडून त्याच्याकडे बघते आणि उपकार केल्यासारखा पंजा देते.

बाबा त्या वर्षीच्याच थंडीत, होळीच्या आधी गेले. शेवटचे काही दिवस इस्पितळात होते. सकाळी त्यांना घरी आणलं, अंगणात पाटावर बसवलं, मामा मागून धरून होता. आमच्याकडे शेवटची आंघोळ मुलगा घालतो. दादा कोमट पाणी ओतत होता आणि मी उंबऱ्यात चिंधीचा पट्टा धरून उभी होते. खांद्यावरून पाणी घातलं, पाठीवरून घातलं, मग त्याने बाबांचा उजवा हात उचलला, पुसला आणि सवयीनेच आतली बाजू वर करून पाहिली. डावा हातही तसाच पाहिला. लोक खोळंबले होते, कुणीतरी म्हणालं, आवर आता. दादाने दोन्ही हात बाबांच्या मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सगळ्या सुईच्या खुणा आहेत गं. नखाची एक नाही."